मामा, दिवा कुठला लागलाय?

"मामा, दिवा कुठला लागलाय?"

"कुठला म्हंजी? ट्यूब लागलीया. मागची बंद हाय, गणपतीपास्नं."

रविवार, सकाळचे सव्वासात. मी पुण्यात, धायरीच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलाशी. समोर लॅपटॉप, एका कानात इअरफोन, शेजारी निवलेला चहा. मामा कराडच्या पुढे, कोयनेच्या वाटेवर, आमच्या कंपनीच्या गोदामाला चिकटलेल्या ऑफिसात, जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत. आमच्या दोघांच्या मध्ये कात्रजचा बोगदा, खंबाटकीचा घाट, दोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आणि 'दिवा' हा एक शब्द. यातलं सगळ्यात लांबचं अंतर त्या शब्दाचं होतं.

ऑफिसातला शिपाई हा महाराष्ट्रात सगळ्यांचाच मामा असतो. साहेबांचा मामा, साहेबांच्या साहेबांचाही मामा. आमच्या त्या शाखेतल्या मामांकडे गोदामाच्या किल्ल्या, पाण्याची मोटर, चहा आणि टपाल अशी चार खाती होती. त्या दिवशी पाचवं खातं मी दिलं: नेटवर्क.

माझं काम काय, हे मी नातेवाइकांना सांगणं कधीच सोडून दिलंय. पण इथे थोडं सांगावं लागेल. ऑफिसातले सगळे कंप्युटर, फोन, कॅमेरे ज्या चपट्या डब्याला वायरींनी जोडलेले असतात, त्याला स्विच म्हणतात. हे नाव ऐकलं की लोक भिंतीवरच्या बटणाकडे बघतात. पूर्वी या डब्याच्या जागी हब असायचा. हब म्हणजे गावातली दवंडी. निरोप एकाचा असला तरी ऐकायचा सगळ्या गावाने. स्विच म्हणजे पोस्टमन. कुठल्या भोकाच्या पलीकडे कोण राहतं हे तो निरोप येता-जाता बघून ठेवतो आणि ज्याचं पत्र त्याच्याच दारात टाकतो. मात्र हा पोस्टमन पक्का पुणेरी आहे. तुम्ही तीनशे सेकंद, म्हणजे बरोबर पाच मिनिटं, काही बोलला नाहीत की तो तुमचा पत्ता विसरून जातो. पुन्हा बोललात की पुन्हा ओळख.

जगातला पहिला इथरनेट स्विच १९९० साली बाजारात आला. त्याला सात भोकं होती, आमच्या भाषेत पोर्ट, आणि तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं कल्पना. विनोद भारद्वाज या भारतीय गृहस्थांनी एका भागीदाराबरोबर ती अमेरिकेत काढली आणि तिला बायकोचं नाव दिलं. म्हणजे आमच्या धंद्याच्या मुळाशी साक्षात विनोद आणि कल्पना आहेत. १९९४ मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली. तेव्हापासून धंद्यात विनोद तेवढा शिल्लक राहिला. नेटवर्क का बंद पडलं, असं साहेबांनी विचारलं की मी "काही कल्पना नाही" म्हणतो, ते ऐतिहासिकदृष्ट्या अचूक असतं.

ही हकिकत मी एकदा घरी मोठ्या उत्साहाने सांगितली. बायको म्हणाली, "त्याने कंपनीला बायकोचं नाव दिलं. तू साधा एक पासवर्ड तरी ठेवलास का माझ्या नावाचा?" ठेवला होता. पण तसं सांगितल्यावर तो बदलावा लागला.

तर आमच्या त्या शाखेत असे तीन स्विच एकावर एक बसवलेले आहेत. मागच्या बाजूने त्यांना जाडजूड, आखूड केबलींनी एकमेकांत असं गुंफलंय की तिघांचं मिळून एक कडं होतं. याला स्टॅक म्हणतात. शरीरं तीन, पण बाहेरच्या जगाला एकच दिसतो. तिघांपैकी एक प्रमुख, एक उपप्रमुख, उरलेला सभासद. प्रमुख कोण, हे ठरवायला चक्क निवडणूक होते आणि तिचे नियम आपल्या सोसायटीच्या निवडणुकीपेक्षा स्वच्छ आहेत. प्रत्येकाला एक ते पंधरापर्यंत मान देता येतो. ज्याचा मान मोठा तो प्रमुख. कुणीच कुणाला मान दिलेला नसेल, तर ज्याच्या कारखान्यातल्या जन्मक्रमांकाचा आकडा लहान तो प्रमुख. हे क्रमांक वाढत्या क्रमाने दिले जातात, त्यामुळे आकडा लहान असतो साधारण सगळ्यात जुन्याचा. थोडक्यात, कुणी लक्ष घातलं नाही की सेवाज्येष्ठतेनुसार सगळ्यात म्हातारा डबा आपोआप खुर्चीवर बसतो. हे सॉफ्टवेअर परदेशात लिहिलं गेलं यावर माझा अजून विश्वास नाही.

या तिघांतला मधला बिघडला. दर अर्ध्या तासाने तो स्वतःहून बंद होई आणि पुन्हा चालू होई. त्या काळात शाखेतल्या चोवीस जागांवरचे कंप्युटर, बिलं आणि चेहरे जागच्या जागी थिजत. मामांनी सुरुवातीला प्रथमोपचार म्हणून त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. दुसऱ्या दिवशी थोपटून बघितलं. तिसऱ्या दिवशी मला फोन केला, "सायेब, मधला घुमतोय."

वॉरंटीत नवा मिळायचा होता. त्यासाठी जुन्याचा सिरीयल नंबर हवा. मी मामांना फोटो काढायला सांगितलं. पहिल्या फोटोत मामांचा अंगठा होता. दुसऱ्यात रॅकच्या दारावर चिकटवलेला विठोबा छान आला होता. तिसऱ्यात खुद्द स्विच आला. त्याच्यावर सुकलेला झेंडू, आणि नंबराच्या स्टिकरवर हळदीकुंकवाची पाच बोटं. दसऱ्याला गोदामातल्या वजनकाट्याची पूजा झाली, तशी मामांनी याचीही केली होती. त्यांचं म्हणणं असं की ज्या डब्यावर शंभर माणसांचं पोट चालतं त्याला निदान कुंकू तरी लागावं. त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी ओल्या फडक्याने कुंकू पुसून नंबर वाचला गेला. शून्य आणि 'ओ' यांच्यात आमचा तडजोडीने निकाल लागला.

आठवड्याने नवा स्विच कुरिअरने पोचला. पुढचे चार दिवस रात्रीचा वॉचमन त्याच्या खोक्यावर बसला. आणि तो रविवार उजाडला.

आमच्या खात्यात कुठलंही काम करण्याआधी त्याची कृती लिहून मंजूर करून घ्यावी लागते. मी चौदा पानांची पीडीएफ तयार केली होती. कुठली वायर कुठल्या भोकातून कुठल्या भोकात, याचा रंगीत तक्ता होता. काही बिनसलं तर परत फिरायचं कसं, याचं वेगळं परिशिष्ट होतं. ती मी शनिवारी रात्री मामांना व्हॉट्सॲपवर पाठवली. मामांचं उत्तर पहाटे पाचला आलं: गुलाबाचं फूल, उगवता सूर्य आणि 'शुभ सकाळ'.

दुरून दुरुस्ती करण्यातला मुख्य धोका असा की ज्या रस्त्याने तुम्ही आत गेलात, तोच रस्ता तुम्ही खणत असता. ज्या फांदीवर बसलोय तीच तोडणारा कालिदास हा आमच्या व्यवसायाचा आद्यपुरुष. मोठमोठ्यांचंही हेच होतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकने देखभालीच्या कामात एक चुकीची आज्ञा दिली आणि स्वतःचंच सगळं नेटवर्क जगापासून तोडून घेतलं. दुरून दुरुस्त करावं, तर दुरून जायचा रस्ताच त्या नेटवर्कवरून. माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये धाडावं लागलं आणि सहा-एक तास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप बंद राहिलं. त्या रात्री आमच्या घरी मात्र कित्येक महिन्यांनी सगळे एकमेकांशी बोलले होते, हेही नमूद करतो.

माझी सूचना अगदी साधी होती. "मामा, मागच्या बाजूला जा. तीन डबे आहेत ना, त्यातल्या मधल्याची पॉवरची वायर काढा."

या वाक्याचा मला अभिमान होता. तिघांतला मधला वरून मोजला तरी मधला, खालून मोजला तरी मधला. समोरून पाहा, मागून पाहा, डाव्याचं उजवं झालं तरी मधला मधलाच. चुकायला जागाच नाही.

जागा मामांनी शोधली. मागून पाहिलं तर वायरी चार होत्या, कारण तिन्ही स्विचच्या वर इंटरनेटचा राऊटरही होता. तो मी माझ्या हिशेबात धरला नव्हता, कारण तो स्विच नाही. मामांनी धरला, कारण तो डबा आहे. चारांत मधला कुठला? मधले दोन. त्यातला वरचा धरावा, असा त्यांनी सद्सद्विवेकाने निर्णय घेतला. तो नेमका प्रमुख निघाला.

माझ्या पडद्यावरचा कर्सर थांबला. तो काळा चौकोन मी गेली बारा वर्षं बघतोय. थबकलेला कर्सर आणि थांबलेला कर्सर यातला फरक मला पोटातून कळतो.

"मामा, काय केलंत?"

"मधला काढला की."

"मधला कुठला?"

"वरनं दुसरा."

"समोर या. काय दिसतंय?"

"मधला हाय की अजून चालू. घुमतोय." मग थोडं थांबून, "सायेब, ह्यो दुसराच गेला वाटतं."

इंटरनेटची वायर त्या प्रमुखातच होती. उपप्रमुखाने आत ताबडतोब कारभार हाती घेतला असेल, याची मला खात्री होती. पण तो तालुक्याच्या गावातला कारभार मला पुण्यातून दिसत नव्हता. वायर परत खोचा म्हटलं. खोचली. आता हा डबा उठून, चूळ भरून, भानावर यायला दहा मिनिटं लागणार. तोवर माझ्या हातात उरला फक्त फोन.

अशा वेळी मी स्वतःला व्हॉयेजर-१ची गोष्ट सांगतो. १९७७ मध्ये सोडलेलं हे यान २०२३ च्या नोव्हेंबरात असंबद्ध बरळू लागलं. त्याच्या एका कंप्युटरमधली स्मृतीची एक चिप मेली होती. यान चोवीस अब्ज किलोमीटरवर. इथून निघालेली आज्ञा तिथे पोचायला साडेबावीस तास, आणि 'बरं' एवढं उत्तर यायला पुन्हा साडेबावीस. नासाच्या लोकांनी त्या मेलेल्या चिपमधला मजकूर तुकडे करून इतर जागांत कोंबला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा शहाण्यासारखं बोलू लागलं. पूर्वी ही गोष्ट आठवली की मला न्यूनगंड यायचा. आता येत नाही. तिकडे अंतर फार होतं हे खरं, पण रॅकच्या मागे कुणी उभं नव्हतं.

दहा मिनिटं गप्प बसणं मामांना जमत नाही. "सायेब, नऊला सुटंल न्हवं?" त्यांनी विचारलं. "धाला देवळात बसायचंय. भजन हाय."

मामा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, हे मला तेव्हा कळलं. या शाखेशी माझा तीन वर्षांचा संबंध. स्विचमधल्या पंख्याचे फेरे मिनिटाला किती, हे मला पुण्यात बसून सांगता येई. त्या पंख्यासमोर उभा असलेला माणूस काय वाजवतो, हे कुठल्याच आज्ञेने दिसत नव्हतं.

कर्सर हलला. मी परत आत गेलो, आणि तेव्हा आठवलं की या जातीच्या स्विचना पुढच्या बाजूला एक निळा दिवा असतो. एवढ्याचसाठी असतो की लांबच्या माणसाने आज्ञा देऊन तो लावावा आणि जवळच्या माणसाने बघावं की बोलणं कुणाबद्दल चाललंय. चौदा पानांत त्याचा उल्लेख नव्हता. मी मधल्याचा लावला.

"मामा, आता बघा. निळा दिवा दिसतोय कुठे?"

पलीकडे शांतता. मग अगदी हळू आवाजात, "सायेब, तुमी लावला व्हय ह्यो? पुण्यातनं?"

"हो."

"परत लावा बघू."

मी विझवला. लावला. पुन्हा विझवला, पुन्हा लावला. बारा वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाला मिळालेली ही पहिली खरी दाद. अठ्ठेचाळीस ठिकाणी रात्रभर जागून राऊटर बदलले तेव्हा फक्त ईमेल आला होता, तोही समूहाला.

यानंतर काम सुरळीत झालं, कारण मी गप्प बसलो. वायरींचा रंगीत तक्ता मी वाचायला घेतला, तेव्हा मामा म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या." त्यांनी नवा डबा जुन्याच्या शेजारी स्टुलावर ठेवला. जुन्याच्या पहिल्या भोकातली वायर काढली, नव्याच्या पहिल्या भोकात घातली. मग दुसरी. मग तिसरी. एक काढायची, एक लावायची. पंगतीत वाढप्या एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकतो तसे. चोवीस वायरी, सहा मिनिटं, चूक शून्य. एका वायरीची क्लिप मोडलेली होती, ती सारखी निसटत होती. तिला त्यांनी माचिसच्या काडीचा तुकडा खोचून बसवलं. तो तुकडा माझ्या माहितीप्रमाणे आजही तिथे सेवेत आहे.

पुढचा टप्पा नाजूक होता. नवा डबा आधी चालू करून मग स्टॅकच्या कड्यात जोडला, तर आत दोन प्रमुख समोरासमोर येतात, निवडणूक लागते आणि हरणाऱ्याला बंद होऊन पुन्हा जन्म घ्यावा लागतो. म्हणून आधी कड्याच्या केबली, मग पॉवर. हे कसं समजवावं याची जुळवाजुळव मी करत होतो.

"आधी जाड केबल आणि पॉवर नंतर, मामा. कारण काय आहे की..."

"आधी जुपायचं, मग हाकायचं."

"हो. तेच."

नवा चालू झाला. जुना गेला तरी त्याची दोन नंबरची जागा स्टॅकने धरून ठेवलेली असते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून ठेवावा तशी. नवा आला, मोकळा नंबर बघून बरोबर रुमालावर बसला. मी यादी काढायची आज्ञा दिली. पहिला: रेडी. तिसरा: रेडी. दुसरा: व्ही-मिसमॅच.

म्हणजे तो आला, ओळखला गेला, पण कामाला घेतला नाही. जुन्या दोघांचं सॉफ्टवेअर सोळाव्या पिढीतलं, नवा कारखान्यातून सतरावी पिढी पोटात घेऊनच आला होता. स्टॅकमध्ये सगळ्यांच्या पोटात एकच व्हर्जन लागतं. वेगळं असलं की नव्याला बसायला जागा मिळते, तोंड उघडायची परवानगी मिळत नाही. चोवीसच्या चोवीस पोर्ट मुके.

मी साहेबांना फोन लावला. साहेब रविवारीही उत्साही असतात. "मग संधी आहे! जुने दोन्ही सतरावर घेऊन टाक. तसंही करायचंच होतं." मोठी फाइल तिथवर पोचवायची, सगळी शाखा पुन्हा बंद करून चालू करायची, आणि सोमवारी सकाळी कळायचं की नव्या व्हर्जनमध्ये वजनकाटा बोलत नाही. संधी होती खरी.

इकडे मामा ताटकळले होते. "काय म्हनतोय त्यो?"

"मामा, तसा चांगला आहे. पण त्याचं व्हर्जन वेगळं आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे समजा तुमचा फोन आहे, त्यात अपडेट येतं ना..."

"मी न्हाई घेत अपडेट. मागल्या टायमाला आवाज गेला."

"बरं. म्हणजे असं समजा की तिघेही मराठीच बोलतात, पण हा जरा..."

"येगळ्या पट्टीत हाय व्हय?"

मी थांबलो.

"पट्टी येगळी हाय," मामा पुढे म्हणाले. "आमच्यात बी हुतं. पेटी काळी दोनला धरल्याली आन् कुनी नवा पखवाज घिऊन आला आन् त्यो चढा लागल्याला आसंल, तर त्याला वाजवू देत न्हाईत. बस म्हनत्यात. आदी लावून घे."

"मग पेटीची पट्टी बदलायची की..."

मामा हसले. बहुधा हे विचारणारा माणूस पगार कशाचा घेतो, असं त्यांना वाटलं असावं. "पेटी कशी हलंल सायेब? एक पखवाज नवा आला म्हनून समद्या मंडळाचा गळा चढवायचा का? पखवाज लावायचा. गठ्ठ्यावर हातोडी मारायची, कनिक लावायची, आन् खाली आनायचा."

चौदा पानं, तीन बैठका आणि साहेब यांनी मिळून जो निर्णय झाला नव्हता, तो झाला. पेटी हलवायची नाही. पखवाज खाली आणायचा.

प्रमुखाच्या पोटातलं सॉफ्टवेअर नव्याला आपोआप द्यायची सोय या डब्यांत असते. तिचं नाव ऑटो-अपग्रेड. नव्याचं सतरावं काढून त्याला सोळावं द्यायचं, तरी नाव अपग्रेडच. बदलीला बढती म्हणायची पद्धत यंत्रांतही आहे. ती सोय चालू असती, तर नवा आल्या आल्याच हे सगळं गुपचूप उरकलं असतं. ती चालू नव्हती. हा स्टॅक कुठल्या शहाण्याने बसवला आणि ही सोय चालू करायची कशी राहिली, या संतापाने मी जुनी नोंदवही उघडली. तीन वर्षांपूर्वीची नोंद होती. शेवटची ओळ: 'ऑटो-अपग्रेड नंतर बघू.' खाली सही माझी.

नोंदवही मी शांतपणे बंद केली आणि आज्ञा दिली.

यानंतर करायचं काहीच नसतं. प्रमुख आपली फाइल नव्याच्या पोटात उतरवतो, नवा ती गिळतो, बंद होतो, उठतो. पंधरा मिनिटं मी पुण्यात पडद्याकडे आणि मामा तिकडे रॅककडे बघत बसलो होतो. फोन चालूच होता, बोलत कुणीच नव्हतं. मागून नव्या डब्याच्या पंख्याचा आवाज येत होता. सुरुवातीला भणाणणारा, मग खाली खाली येत स्थिर झालेला. मामांनीही तो ऐकला असणार.

"दिवे लागायला लागलं, सायेब."

"कुठले?"

"शेंदरी."

आमच्या पुस्तकांत या रंगाला अंबर म्हणतात. इतकी वर्षं मी फोनवर लोकांना 'पिवळा का? की नारिंगी? लालसर आहे का?' असं विचारत आलोय आणि प्रत्येक शाखेत वेगळं उत्तर मिळालंय. शेंदरी म्हटल्यावर मारुतीच्या अंगावरचा तो रंग जसाच्या तसा डोळ्यांसमोर आला. त्यात शंकेला जागा नव्हती.

"थांबा अर्धा मिनिट. हिरवे होतील."

हा अर्धा मिनिट फुकट नसतो. वायर लागली की स्विच लगेच निरोप सोडत नाही. आपण सोडलेला निरोप गोल फिरून आपल्याच अंगावर तर येणार नाही ना, हे आधी पंधरा आणि पंधरा अशी तीस सेकंदं चाचपून बघतो. ही युक्ती १९८५ मध्ये रेडिया पर्लमन या बाईंनी काढली. बोलण्याआधी अर्धा मिनिट विचार करायचा, हा नियम त्यांनी यंत्रांना लावला, हे फार बरं झालं; माणसांवर प्रयोग पूर्वीच फसलेला आहे.

"झालं. एक झाला," मामा म्हणाले. "दोन. चार. आता समदंच हुतंय. समदं पोपटी झालं बगा, सायेब!"

माझ्या यादीत दुसऱ्या ओळीवर आलं: रेडी.

नऊला पाच कमी होते. मामा म्हणाले, "निघू मग? पखवाज लावायला टाइम लागतो." मी म्हटलं, निघा. आणि आयुष्यात पहिल्यांदा फोनवर कुणाला 'रामकृष्णहरी' म्हणालो.

सोमवारी साहेबांचा ईमेल आला. सगळ्या विभागाला, विषयात तीन उद्गारचिन्हं. आपल्या टीमने 'झिरो टच रिमोट रिप्लेसमेंट' करून दाखवली, साइटवर एकही तज्ज्ञ पाठवावा लागला नाही, याबद्दल अभिनंदन. खाली माझं नाव. झिरो टच म्हणजे कुणाचाही हात न लागता. चोवीस वायरी, दोन जाड केबली, चार स्क्रू आणि माचिसची एक काडी आपली आपण उडत गेली होती.

मी उत्तरात मामांचं नाव घालून, 'साइटवर एक तज्ज्ञ होते' असं कळवलं. साहेबांनी विचारलं, कुठल्या व्हेंडरचे? मी म्हटलं, भजनी मंडळाचे. त्यावर त्यांनी काही कळवलेलं नाही.

फाइल बंद करण्यासाठी नव्या स्विचचा एक फोटो आणि त्याचा सिरीयल नंबर जोडावा लागतो. मी मामांकडे मागितला. या वेळी पहिल्याच फोटोत स्विच आला. अंगठा नाही, हललेला नाही, उजेड पुरेसा. बहुतेक मागची ट्यूबही लागली असावी. नवाकोरा डबा, चोवीस पोपटी दिवे, वर ताजा झेंडू. आणि स्टिकरवर, नेमकी नंबराच्या अकरा अक्षरांवर, हळदीकुंकवाची पाच ओली बोटं.